विश्लेषण : ‘अंगणवाडी’ आली कुठून? महागडी माँटेसरी शाळा आदिवासी पाड्यावर नेणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या?

नर्सरीच्या प्रवेशाचा हंगाम आला की शहरात पालकांची धावपळ सुरू होते. ‘माँटेसरी’ अशी पाटी असेल तर फी जास्त असणार, हे बहुतेकांनी गृहीतच धरलेले असते. दुसरीकडे देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तिथे फी नाही, पण तिथे मूल नेमके काय शिकते, याची चौकशी फारसे कुणी करत नाही. एक महाग, एक फुकट. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटतही नाही. पण तो आहे, आणि तो एका मराठी बाईंमुळे आहे. ताराबाई मोडक यांच्या निधनाला ५० वर्षे उलटून गेली. शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर दोन-चार ओळी असतात आणि स्पर्धा परीक्षेत एखादा प्रश्न येतो. त्यांनी नेमके केले काय आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे मात्र त्यातून कळत नाही.

ताराबाईंचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केळकरांच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाशी जोडलेले होते. त्यामुळे मुलीने शिकायचे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. लहान मुलीची जबाबदारी ताराबाईंवर आली. नवऱ्यापासून वेगळे राहून नोकरी करणारी आणि मूलही वाढवणारी स्त्री १९२१ मध्ये किती नजरा झेलत असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. त्यांच्या आयुष्यावर बेतलेले रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक अनेकांना आठवत असेल. नाटकाच्या नावातच या घराची गोष्ट आहे.

त्यानंतर त्या राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. शिक्षिका तयार करणारे ते महाविद्यालय. पद मानाचे, पगार नियमित. एकट्या आईला आणखी काय हवे? पण १९२३ मध्ये त्यांनी ते सोडले आणि भावनगरला गेल्या.

भावनगरला असे काय होते?

तिथे गिजुभाई बधेका होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचे विचार आले आणि वकिली मागे पडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, अडीच-तीन वर्षांची मुले आपल्या हाताने कामे करत शिकतात, हे तेव्हाच्या पालकांना अजबच वाटे. गुजरातेत गिजुभाईंना लोक ‘मूछाळी माँ’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात दोघांचा वाटा होता. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक आधी गुजरातीत निघत होते. ताराबाईंनी १९३३ पासून ते मराठीत आणले. मुलांना मारू नका, धाक दाखवू नका, त्यांच्या हट्टामागचे कारण शोधा, हे आज समुपदेशक सांगतात ते बरेचसे ताराबाईंनी मराठी आईबापांना तेव्हाच सांगून ठेवले आहे.

मुंबईत परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गीय वस्ती, शिकलेले पालक, उत्साही शिक्षिका. काम चांगले चालले. इथेच थांबल्या असत्या तरी महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते.

माँटेसरी पद्धत महाग का पडते?

पुढचे सगळे समजण्यासाठी हे आधी पाहावे लागते. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकाट फिरणारी मुले सांभाळायची, हा त्यामागचा साधा हेतू. म्हणजे ज्या पद्धतीचे नाव आज महागड्या फीशी जोडले जाते, ती जन्मली मजुरांच्या मुलांसाठी आणि तीही पाळणाघराच्या गरजेतून.

खर्च येतो तो साधनांमुळे. गुलाबी मनोरा हे त्यातले प्रसिद्ध साधन. लाकडाचे १० घन, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा. सगळ्यांचा रंग एकच, आकार एकच, लाकूड एकच. बदलतो फक्त लहानमोठेपणा. मूल ते एकावर एक रचते. चूक झाली तर मनोरा पाहूनच ती कळते, बाईंनी सांगावे लागत नाही. दट्ट्यांच्या पेट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, वजनाच्या पट्ट्या ही सगळी साधने याच तत्त्वावर बनतात. एका वेळी एकच गुणधर्म बदलायचा, बाकी सगळे स्थिर ठेवायचे. कोणत्याही प्रयोगशाळेत हाच नियम असतो. पण एवढे अचूक मोजमाप हवे तर चांगले लाकूड आणि कुशल सुतार लागतो. शिवाय एक-दोन वस्तू घेऊन भागत नाही, पूर्ण संच घ्यावा लागतो.

रोममध्ये किंवा दादरमध्ये हे परवडले. डहाणूच्या पाड्यावर ते परवडणार नव्हते. तिथे अनेक घरांत लाकडी पेटीच काय, दुसरे लुगडेही नव्हते.

दादर सोडून बोर्डीला का गेल्या?

१९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली, तेव्हा ती सात वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी होती. १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत तिची व्याप्ती वाढली. सात वर्षांच्या आतील मुलांचे, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षण त्यात आले. खेड्यातल्या गरीब मुलासाठी बालशिक्षण कसे असावे, याचे तयार उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हते. माँटेसरी पद्धत आतून जाणणाऱ्या आणि तिची किंमतही जाणणाऱ्या ज्या थोड्या व्यक्ती होत्या, त्यात ताराबाई होत्या.

१९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. बोर्डी हे समुद्राकाठचे गाव, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, आता पालघर जिल्ह्यातले. गावात वाड्या, बागा, शाळा होती. पण गावाच्या कडेला आणि आत डोंगराकडे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे होते. या भागात वेठबिगार चालत होती. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. एकाच वर्षी, एकाच भागात दोन शिकलेल्या मराठी स्त्रिया अगदी वेगळ्या वाटांनी पोहोचल्या. गोदावरीबाईंनी मजुरीचा आणि वेठीचा प्रश्न हाती घेतला, ताराबाईंनी त्याच मजुरांच्या तीन वर्षांच्या मुलांचा.

ताराबाईंबरोबर अनुताई वाघ होत्या. वय ३५. लहानपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकलेल्या, पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या. पुढची ४७ वर्षे, १९९२ मध्ये निधन होईपर्यंत, त्या याच कामात राहिल्या. ताराबाईंचे नाव घेताना अनुताईंचे नाव ओघाने येते, त्याचे कारण हेच. कल्पना बऱ्याचदा एकीची असे, पण ती रोजच्या रोज पाड्यावर नेण्याचे काम दुसरीने केले.

मुले आलीच नाहीत, मग?

बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली त्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमधली मुले येईनात. फी नव्हती, तरीही येईनात. शिक्षणाचा खर्च मोजताना बहुतेक जण इथे चुकतात. पालकाच्या खिशातून जाणारी रक्कम म्हणजेच खर्च, असे धरले जाते. वारली कुटुंबाचा हिशेब वेगळा होता. आईबाप पहाटे मजुरीला किंवा गवत कापायला जात. सात-आठ वर्षांची मुलगी घरी राहून धाकट्या भावंडाला सांभाळे. मुलगा गुरे राखे. ही मुले शाळेत गेली तर त्यांचे काम कोण करणार? म्हणजे फुकट शाळासुद्धा त्या घराला महाग पडत होती. शिवाय शाळेची वेळ शाळेच्या सोयीची आणि शाळेची जागा गावाच्या सोयीची.

ताराबाईंनी मग मुलांना बोलावणे कमी केले आणि बालवाडीच वस्तीत नेली. शिक्षिका पाड्यावर जायची. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून, सारवून घ्यायचे. मुले जमतील ती वेळ. आधी आंघोळ, नखे, केस, कारण अंगावर खरूज असलेल्या मुलाला अक्षर शिकवण्याची घाई कशासाठी? मग गाणी, गोष्टी, खेळ. आया आजूबाजूला उभ्या राहून बघायच्या, आणि मुलाला कसे न्हाऊ घालायचे, खरूज कशी धुवायची हे त्यांच्यापर्यंतही आपोआप पोहोचायचे. अशा रीतीने दोन प्रकार झाले. ठरावीक वेळेची, ठरावीक जागेची मध्यवर्ती बालवाडी, आणि मुलांच्या वेळेने, मुलांच्या दारात भरणारी अंगणवाडी. सरकारी योजनेत हा शब्द आला त्याच्या ३० वर्षे आधी तो इथे वापरात होता.

साधने स्वस्त झाली म्हणजे नेमके काय झाले?

लाकडी संचाऐवजी बोर्डीला जे सहज मिळे ते साधन झाले. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, माती, मणी. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे त्यातून शिकवता येते. ताराबाईंच्या कामाबद्दल लिहिताना लोक इथे टाळ्या वाजवून पुढे जातात. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

गुलाबी मनोऱ्यात एकच गुणधर्म बदलतो, कारण सुताराने ती काळजी आधीच घेतलेली असते. किनाऱ्यावरून उचललेल्या मूठभर खड्यांत आकार, रंग, वजन, घडण सगळेच एकदम बदलते. ते तसेच मुलापुढे टाकले तर मूल खेळेल, पण फरक ओळखायला शिकेलच असे नाही. त्यातून एकाच रंगाचे, क्रमाने मोठे होत जाणारे १० खडे कुणीतरी निवडावे लागतात. चूक मुलाला स्वतःहून कळेल अशी मांडणी कुणीतरी करावी लागते. उद्या हेच बियांनी कसे करायचे, याचा विचार आदल्या संध्याकाळी कुणीतरी करावा लागतो. सुताराने एकदाच केलेले काम शिक्षिकेला रोज करावे लागते.

म्हणजे स्वस्त साधनांना जास्त तयारीची शिक्षिका लागते. पेटीतला खर्च नाहीसा झाला नाही, तो माणसाकडे सरकला. ताराबाईंना हे पक्के ठाऊक होते. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजपासून भावनगर, दादर, बोर्डी, त्या जिथे गेल्या तिथे शिक्षिका घडवण्याचे काम त्यांनी कधीच सोडले नाही. खेड्यातली बालवाडी म्हणजे कमी शिकलेल्या बाईकडे सोपवायचे हलके काम, असे त्यांच्या कोणत्याच प्रयोगात दिसत नाही. उलट मुलाचे वय जितके कमी तितकी शिक्षिका जाणती हवी, असाच त्यांच्या कामाचा रोख होता.

विकासवाडी आणि कुरणशाळा म्हणजे काय?

१९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. आता पाडे जवळ होते. इथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. दिसायला ही फक्त जागेची सोय वाटते, पण त्यामागे जुन्या अडचणीचे उत्तर आहे. तान्हे मूल पाळणाघरात ठेवता आले की त्याला कडेवर घेऊन फिरणारी बहीण मोकळी होते आणि शेजारच्या वर्गात बसू शकते. आई दिवसभर मजुरी करू शकते. तिन्ही गोष्टी वेगळ्या ठिकाणी असत्या तर या बहिणीची शाळा पुन्हा बुडाली असती.

गुराख्यांची अडचण तरीही उरतेच. गुरे सोडून मुलगा वर्गात येणार नाही. म्हणून कुरणशाळा. गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षिकेने जायचे. एक डोळा गुरांवर, एक पाटीवर. शिक्षण खात्याच्या कोणत्याही नमुन्यात ही शाळा बसली नसती. इमारत नाही, घंटा नाही, हजेरीचा भरवसा नाही.

मधल्या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वय वाढत होते, कोसबादचा भार अनुताईंवर येत गेला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले.

सरकारने यातले काय घेतले आणि काय सोडले?

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा एकाच केंद्रातून द्यायच्या ठरल्या. त्या केंद्राचे नाव अंगणवाडी. वस्तीत जायचे, स्थानिक बाईने चालवायचे, आरोग्य आणि शिक्षण एकत्र करायचे, हे सगळे बोर्डीच्या अंगणात आधी घडून गेले होते. योजना प्रचंड वाढली. कुपोषण आणि लसीकरणाच्या कामात तिचा वाटा नाकारता येणार नाही.

पण बोर्डीच्या हिशेबातली एक बाजू मागे राहिली. साधने स्वस्त ठेवण्याची कल्पना सरकारला आवडली. त्यासाठी शिक्षिकेवर जो खर्च करायला हवा, तो मात्र झाला नाही. अंगणवाडी सेविका सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, ती मानसेवी आहे. तिला पगार नाही, मानधन मिळते. केंद्राने ते शेवटचे वाढवले ऑक्टोबर २०१८ मध्ये, तीन हजारांवरून साडेचार हजार रुपये. मदतनीसाचे दीड हजारांवरून २,२५० रुपये. राज्ये त्यात आपली भर घालतात आणि ती राज्यागणिक वेगळी असते. याच सेविकेने आहार वाटायचा, वजने घ्यायची, गरोदर बायकांच्या भेटी घ्यायच्या, नोंदी मोबाइलवर भरायच्या, आणि मग उरलेल्या वेळेत मुलांना शिकवायचे. खडे आणि शिंपले रोज नव्याने मांडायला लागणारा वेळ या वेळापत्रकात कुठून येणार? २०१७ च्या निकषांनुसार एका बालकाच्या पूरक आहारासाठी दिवसाला आठ रुपये धरले आहेत, हेही इथे लक्षात ठेवावे लागेल.

पाळणाघराचीही तीच गत. विकासवाडीत जी गोष्ट पहिल्या दिवसापासून होती, ती अंगणवाडीत नव्हती. केंद्र काही तास चालते, मजूर आईचा दिवस त्याहून मोठा असतो. अलीकडे ‘पाळणा’ योजनेखाली देशभरात १७ हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एकूण १४ लाखांपैकी १७ हजार.

हा खर्च टाळता येतो, कारण तो करण्याची कायदेशीर सक्ती नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो सहा ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. तीन ते सहा वयोगटासाठी सरकार व्यवस्था करू शकेल, एवढेच त्याच्या ११ व्या कलमात आहे. करावीच लागेल असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडी त्याच्या केंद्रस्थानी आणली, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. ज्यांना परवडते ते पालक या तीन वर्षांसाठी बाजारात जातात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलांची भिस्त सेविकेवर.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणे हे शिक्षणाचेच काम आहे, याचाही त्या निकालात विचार झाला. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. अनेक गावांत अंगणवाड्या बंद राहिल्या. संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. मानधनवाढ, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या.